कारण न विचारणारं दार

इंग्लंडमधल्या बऱ्याच शहरांत, आठवड्यातल्या एखाद्या ठरलेल्या दिवशी, चर्चच्या हॉलचं किंवा वाचनालयामागच्या खोलीचं दार दोन-तीन तास उघडं असतं. बाहेर वेळ लिहिलेली असते आणि त्याखाली 'ड्रॉप-इन' एवढंच. आधी फोन करून वेळ घ्यावी लागत नाही, दारात कुणी नाव विचारत नाही, कशासाठी आलात हेही लगेच कुणी विचारत नाही. आत चहा-बिस्किटं असतात, एका कोपऱ्यात इंग्रजी बोलण्याचा वर्ग चाललेला असतो, कुणी थंडीचे जुने कोट मांडून ठेवलेले असतात, आणि भिंतीकडच्या टेबलापाशी लोकांचे कागद वाचून देणारी दोन-तीन माणसं बसलेली असतात. गेल्या काही वर्षांत इथे येणाऱ्यांत एका नव्या वर्गाची भर पडली आहे. म्हाताऱ्यांची आणि अपंगांची शुश्रूषा करायला परदेशातून आलेले हे केअर वर्कर. नायजेरियातले, झिंबाब्वेतले, केरळचे, पंजाबचे, क्वचित आपल्याकडचेही.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही मदत ढिसाळ वाटते. नोकरी गेली, व्हिसा जाणार, डोक्यावर कर्ज, आणि उपाय काय तर चहा आणि गप्पा! प्रश्न वकिलाचा असेल तर वकील द्या, कामगार कायद्याचा असेल तर त्या खात्याचा नंबर द्या, असं कुणालाही वाटेल. मला मात्र या ढिसाळपणातच या जागेचं सगळं मोल दिसतं. इथे येण्यासाठी कारण लागत नाही, आणि कारण लागत नाही म्हणूनच ज्यांना खरोखर यायला हवं ते येतात. हे उलटंसुलटं वाटेल, म्हणून जरा मुळापासून पाहू.

मूळ व्हिसात आहे. ब्रिटनमध्ये शुश्रूषेच्या कामाला माणसं न मिळणं ही जुनी रड. कोविडनंतर ती फारच वाढली. 2021-22 मध्ये एकट्या इंग्लंडमध्ये या क्षेत्रातल्या सुमारे 1,65,000 जागा रिकाम्या होत्या. मग 15 फेब्रुवारी 2022 पासून सरकारने केअर वर्करचं काम टंचाईच्या यादीत घातलं. वर्षाला किमान 20,480 पौंड पगार देण्याची हमी घेणाऱ्या परवानाधारक मालकाला बाहेरून माणूस आणायची मुभा मिळाली. माणसं आलीही. 2023-24 या एका वर्षात सुमारे 1,05,000 जण परदेशातून येऊन इंग्लंडमध्ये या कामाला लागले.

आता या व्हिसाची रचना पाहा. मालकाकडे होम ऑफिसचं, म्हणजे तिथल्या गृहखात्याचं, लायसन्स असतं. त्या लायसन्सवर तो एका माणसासाठी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप काढतो. त्यात काम कुठलं, तास किती, पगार किती हे लिहिलेलं असतं. त्या कागदाच्या आधारावर व्हिसा मिळतो. म्हणजे व्हिसा नावापुरता माणसाचा. खरं तर तो एक माणूस आणि एक मालक या जोडीला मिळालेला असतो. जोडी फुटली की माणसाचा राहण्याचा हक्क डळमळतो. मालक बदलायचा तर नव्या मालकाकडे लायसन्स हवं, त्याने नवं सर्टिफिकेट द्यायला हवं, पुन्हा अर्ज करायला हवा, आणि मंजुरी येईपर्यंत नव्या ठिकाणी कामाला हात लावता येत नाही. दरम्यान सरकारी आधाराचा बहुतेक कुठलाच भत्ता मिळत नाही, कारण असा भत्ता मिळणार नाही ही अट या व्हिसावर आधीच घातलेली असते.

ऊसतोडीची उचल ज्याने जवळून पाहिली आहे त्याला याहून जास्त सांगायला नको. मुकादमाची उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. इथे पैशाची दिशा तेवढी उलटी: केअर वर्करने एजंटाला पैसे आधीच मोजलेले असतात, पण ते असतात सोनं गहाण ठेवून उचललेले, नातेवाइकांच्या नावावर काढलेले. भारताच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत एजंटाला परदेशी नोकरीसाठी उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. ब्रिटनमध्ये तर नोकरी शोधून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घ्यायला 1973 च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज कायद्याने मनाईच आहे. तरीही लाखोंचे व्यवहार होतात, बहुधा रोखीत, पावतीशिवाय. पुढे कुठल्याही टेबलावर हे सिद्ध करायची वेळ आली की हातात काहीच नसतं.

सरकारचं लक्ष किती होतं, याचा एक दाखला पुरेसा आहे. सीमा आणि इमिग्रेशनचे तेव्हाचे मुख्य निरीक्षक डेव्हिड नील यांच्या, मार्च 2024 मध्ये बाहेर आलेल्या अहवालात म्हटलं आहे की अस्तित्वातच नसलेल्या एका केअर होमच्या नावावर 275 सर्टिफिकेटं दिली गेली होती. दुसऱ्या एका कंपनीने लायसन्स घेताना आपल्याकडे चार कर्मचारी असल्याचं सांगितलं होतं. तिला मिळाली 1,234. दुसरीकडे लायसन्सं रद्दही होत होती. जुलै 2022 ते डिसेंबर 2024 या काळात या क्षेत्रातल्या 470 हून जास्त मालकांची लायसन्सं गेली, आणि त्यांच्याशी जोडलेले कामगार होते 39,000 च्या वर. लबाड मालकाचं लायसन्स काढून घेणं योग्यच. पण या शिक्षेचा पहिला फटका मालकाला बसत नाही. कामगाराला होम ऑफिसचं पत्र येतं: 60 दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा.

60 दिवसांचा हा आकडा मराठी घरांना अनोळखी नाही. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली की जास्तीत जास्त 60 दिवसांचीच सवलत मिळते, आणि 2022-23 च्या कपातीच्या लाटेत पुण्या-ठाण्यातल्या कितीतरी आईवडिलांनी ते दिवस मुलांबरोबर मोजले. पण संगणक अभियंत्याकडे त्या 60 दिवसांसाठी थोडीफार शिल्लक असते, ओळखीचं जाळं असतं, ईमेल कसं लिहावं हे ठाऊक असतं. केअर वर्करच्या 60 दिवसांत घरभाडं थांबत नाही, गावाकडचा हप्ता थांबत नाही, आणि पुष्कळदा ती ज्या खोलीत राहते ती खोलीही मालकाचीच असते.

म्हणून मालकाविरुद्ध बोलणं हे इथे साधं बोलणं राहत नाही. पगार कमी दिला अशी तक्रार केली की चौकशी होईल, चौकशीत मालक दोषी ठरेल, लायसन्स जाईल, आणि लायसन्सबरोबर तक्रार करणारीचा व्हिसा. ब्रिटनमध्ये कामगारांचे हक्क पाहणारी खाती, पोलीस आणि इमिग्रेशन यांच्यामध्ये माहिती अडवणारी भक्कम भिंतही नाही. तेव्हा फोन उचलून 'मला अमुक तक्रार नोंदवायची आहे' हे वाक्य उच्चारणं म्हणजेच जोखीम. नाव सांगा, मालकाचं नाव सांगा, तक्रारीचा प्रकार निवडा: प्रत्येक सरकारी दाराची ही पहिली मागणी असते. जिला ती मागणी परवडत नाही, ती त्या दारापर्यंत जातच नाही.

दुसरी अडचण याहून खोल आहे, आणि तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. जिला त्रास होतो आहे तिला आपला त्रास कुठल्या खात्यात मोडतो हे माहीतच नसतं. एक उदाहरण घेऊ. ते मी बेतलेलं आहे, पण त्यातला एकेक तुकडा रोजच्या व्यवहारातला आहे.

नाशिककडची एक जीएनएम झालेली मुलगी. तिकडे नर्स म्हणून नोंदणी झालेली नाही, म्हणून केअर वर्कर. काम घरोघरी जाऊन करायचं: सकाळी साडेसहाला पहिली आजी, तिला उठवायचं, आंघोळ, गोळ्या, नाश्ता, मग चार मैलांवरचे आजोबा, मग तिसरं घर. कुठे अर्धा तास, कुठे पंधराच मिनिटं. दोन घरांच्या मधला वेळ गाडीत जातो. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये 12 महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तिथली परीक्षा पास व्हावी लागते, आणि परीक्षेची तारीख महिनोन्महिने मिळत नाही. तेरावा महिना उजाडला. गाडी बंद, म्हणून रोटावरची, म्हणजे कामाच्या वेळापत्रकातली, घरं कमी झाली. आठवड्याचे 39 तास होते ते 16 वर आले. पगार व्हिसात लिहिलेल्या आकड्याच्या खाली गेला. मालकाच्या खोलीचं भाडं मात्र पूर्ण कापलं जातंय. तिने विचारलं तर उत्तर मिळालं, 'तुझा व्हिसा कुणाच्या हातात आहे, लक्षात आहे ना?'

आता हिची अडचण कसली? वाहतूक खात्याची? कमी पगाराची? घरभाड्याची? इमिग्रेशनची? की धमकीची, म्हणजे पोलिसांची? प्रत्येक खातं आपापला तुकडा घेईल आणि उरलेल्याबद्दल म्हणेल, तो आमच्याकडे नाही. ती स्वतः विचाराल तर सांगेल, 'काही नाही हो, ड्रायव्हिंग टेस्टची तारीख लवकर मिळते का बघायचं होतं.' आणि हे खोटं नाही. तिच्या दृष्टीने सगळं तिथेच अडलं आहे.

हीच मुलगी ड्रॉप-इनला येऊ शकते, कारण ड्रायव्हिंगच्या फॉर्मसाठी यायला तिथे कुणाची हरकत नसते. इंग्रजीच्या वर्गाला येते, पोराला कोट बघायला येते. एखादी बाई चार आठवडे नुसती येऊन बसते, पाचव्या आठवड्यात पर्समधून घडी घातलेला कागद काढते आणि म्हणते, 'हे जरा बघता का, मैत्रिणीचं आहे.' टेबलापलीकडचं माणूस सरावाचं असेल तर कुठली मैत्रीण हे विचारत नाही.

तो कागद बहुधा पगाराची पावती असते. ती वाचणं हे या टेबलावरचं सगळ्यात कौशल्याचं काम, आणि इथे दोन मिनिटं थांबायला हवं. वरच्या बाजूला एकूण पगार, त्याखाली कर आणि विमा. इथपर्यंत सरळ असतं. मग ओळी सुरू होतात: प्रशिक्षण, युनिफॉर्म, गाडी, खोली, आणि कधी कधी नुसतंच 'इतर'. पावतीवरचे तास रोटावरच्या तासांशी लावून पाहिले की फट दिसते. रोटावर पहिलं घर साडेसहाला आणि शेवटचं रात्री नऊला, पावतीवर मात्र सात तास. मधले तास कुठे गेले? एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ किमान वेतनाच्या हिशेबात धरलाच पाहिजे असा तिथला नियम आहे, आणि तोच वेळ सर्वांत आधी गाळला जातो. कुठे याहून सफाईदार प्रकार असतो: पावती अगदी चोख, बँकेत पगार पूर्ण जमा, आणि त्यातली काही रक्कम दर महिन्याला रोख परत द्यायची. तिथे पावती वाचून काहीच कळत नाही. त्या बाईने तोंड उघडेपर्यंत थांबावं लागतं. किती आठवडे, ते तिच्यावर.

मग साध्या गोष्टी सुरू होतात. रोटा फोनमधल्या कंपनीच्या ॲपवर असतो आणि नोकरी गेली की त्याच दिवशी ते ॲप बंद होतं, म्हणून आजच त्याचे फोटो काढून ठेवा. मालकाचे मेसेज पुसू नका. कामाच्या ईमेलवर आलेली पत्रं स्वतःच्या ईमेलवर घ्या. कशावरही सही करण्याआधी दाखवा, राजीनाम्यावर तर नक्कीच. होम ऑफिसचं पत्र आलं असेल तर लिफाफा फेकू नका, त्यावरच्या तारखेला महत्त्व आहे. पुष्कळांना वाटतं की मालकाने 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं त्याच क्षणापासून 60 दिवस सुरू झाले. प्रत्यक्षात मालकाने 10 कामाच्या दिवसांत होम ऑफिसला कळवायचं, मग होम ऑफिस पत्र पाठवणार, आणि मुदत त्या पत्रात असते. हे न कळल्यामुळे काही जण घाबरून घाईघाईने परतीचं तिकीट काढतात, आणि काही जण पत्र उघडतच नाहीत. दोन्ही सारखंच महागात पडतं.

याच टेबलावर दोन घड्याळं शेजारी शेजारी चालताना दिसतात. पगाराचा दावा लवादाकडे न्यायचा तर आजवरची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी, आणि त्याआधी एकास या संस्थेला कळवून समेटाचा प्रयत्न करावा लागतो. निकालाला पुढे कित्येक महिने लागतात, वर्षही सरतं. इकडे व्हिसाचं घड्याळ 60 दिवसांचं. ज्या देशाच्या लवादाकडे न्याय मागायचा, त्या देशात निकालापर्यंत राहण्याची सोय नाही. हा विरोधाभास कायद्याच्या पुस्तकात कुठेच दिसत नाही. दोन वेगळ्या खात्यांची पत्रं एका टेबलावर आली की मगच दिसतो.

आणखी एक गोष्ट मला या जागांची फार मोलाची वाटते. तिथली माणसं मध्येच थांबतात. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देणं हे नोंदणीचं काम आहे. 1999 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी किंवा वकिलीची सनद नसताना असा सल्ला देणं गुन्हा आहे, मग तो फुकट का असेना. त्यामुळे पावतीबद्दल अर्धा तास मोकळेपणाने बोलणारी बाई 'मग मी कुठला व्हिसा मागू?' या प्रश्नाला म्हणते, 'हे मला सांगता येणार नाही. गुरुवारी नोंदणीकृत सल्लागार येतात, त्यांच्याशी तुमची गाठ घालून देते.' ऐकणारीला हे आधी टोलवाटोलवी वाटतं. पण तिचा आजवरचा अनुभव आठवा. तिला ज्याने बुडवलं तो एजंटही असाच हसतमुख होता, त्यानेही चहा पाजला होता, तिची भाषा बोलला होता, आणि तिच्या एकाही प्रश्नाला 'मला माहीत नाही' असं उत्तर दिलं नव्हतं. आपल्याला काय सांगता येत नाही हे सांगणारं माणूस तिला या सगळ्या प्रवासात पहिल्यांदा इथे भेटतं. विश्वास बसायला तिथून सुरुवात होते, असं माझं निरीक्षण आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल की हे सगळं ठीक, पण नवा स्पॉन्सर कुठून आणणार? बरोबर आहे. तो ड्रॉप-इनला आणता येत नाही. 9 एप्रिल 2025 पासून इंग्लंडमधल्या मालकांवर अशी अट आली की बाहेरून माणूस आणण्याआधी इथेच अडकलेल्या केअर वर्करमधून माणूस शोधा. 22 जुलै 2025 पासून तर या कामासाठी परदेशातून नवी भरती बंदच झाली, आणि देशातल्या देशात या व्हिसावर येण्याची मुभा 22 जुलै 2028 पर्यंत ठेवली गेली. कागदावर पाहता, आधीच तिथे असलेल्यांना यामुळे मागणी यायला हवी. पण पूर्ण तासांची हमी, ठरलेला किमान पगार आणि स्वच्छ लायसन्स असा मालक बाईच्या बसच्या टप्प्यात आणि 60 दिवसांच्या आत सापडणं ही वेगळीच गोष्ट. पुष्कळांना तो सापडत नाही. ड्रॉप-इनमधून वकिलाकडे, तिथून फूड बँकेकडे, आणि शेवटी विमानतळाकडे असाही प्रवास होतो. जे काम सरकारने व्हिसा देतानाच करायला हवं होतं ते शेवटी चर्चच्या हॉलमधल्या निवृत्त शिक्षिकेच्या गळ्यात पडलं आहे, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

इतर देशांनी हे काम थोडंफार केलंही. कॅनडाने 2019 मध्ये शोषण होत असलेल्या कामगारांसाठी मालकाशी न बांधलेलं वर्क परमिट काढलं. न्यूझीलंडने 2021 मध्ये तसाच वेगळा व्हिसा दिला. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2024 पासून नोकरी सुटलेल्या स्पॉन्सर्ड कामगाराला एका वेळी 180 दिवस मिळतात आणि त्या काळात दुसरं काम करायलाही परवानगी असते. ब्रिटनमधल्या केअर वर्करला यांतलं काहीच नाही.

तरीही कारण न विचारणाऱ्या दाराचा एक परिणाम असा आहे, जो कुठल्याही एका तक्रारीतून साधत नाही. एकाच कंपनीच्या तीन बायका तीन वेगळ्या आठवड्यांत तीन वेगळ्या कामांसाठी येतात. एकीला ड्रायव्हिंगचा फॉर्म हवा असतो, दुसरीला मुलाच्या शाळेचं पत्र समजून घ्यायचं असतं, तिसरी नुसतीच येते. एकीलाही आपल्यावर अन्याय झाला आहे असं वाटत नसतं. आपणच कुठेतरी कमी पडलो असं वाटत असतं. टेबलावरच्या माणसाने मात्र तीन पावत्या पाहिलेल्या असतात आणि तिन्हींवर 'इतर' या नावाखाली तोच आकडा कापलेला असतो. तिघींची संमती घेऊन तो त्यांना एका बाकावर बसवतो. तिथून पुढे युनियन, वकील, वार्ताहर अशा वाटा फुटतात, आणि एकटीच्या तक्रारीतली जोखीम तिघींत वाटली जाते. इस्रायलमध्ये घरी राहून वृद्धांची सेवा करणारे कामगारही असेच एका मालकाशी बांधलेले होते. तेल अवीवच्या काव्ह लाओवेद या संस्थेकडे कामगार आपापली गाऱ्हाणी घेऊन येत. तीच संस्था पुढे इतर संस्थांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि मार्च 2006 मध्ये न्यायालयाने ही बांधणी माणसाच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. 2011 मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलून शुश्रूषेच्या कामगारांच्या मालक बदलण्यावर नव्या मर्यादा घातल्या. म्हणजे बाकावर जमलेली माहिती न्यायालयापर्यंत जाते, आणि तिथे मिळालेलं यश संसदेकडून मागेही ढकललं जातं.

ब्रिटनमध्ये तर मालकाशी असलेली ही बांधणी पुढे अधिकच लांबण्याची चिन्हं आहेत. आजवर 5 वर्षांनी कायम राहण्याचा अर्ज करता येत असे. नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारने केअर वर्करसारख्या कामांसाठी ही मुदत 15 वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला. तो जसाच्या तसा अमलात आला तर 2023 साली पंचविशीत आलेली मुलगी चाळिशीपर्यंत कुठल्या ना कुठल्या मालकाच्या लायसन्सवर राहील. वाचनालयामागच्या त्या खोलीचं भाडं आणि गुरुवारच्या सल्लागाराचं मानधन मात्र बहुतेक ठिकाणी एकेक वर्षाच्या अनुदानातून निघतं, आणि त्या अनुदानाच्या अर्जावर पहिला रकाना असतो तो किती जणांच्या कुठल्या प्रकारच्या तक्रारी सोडवल्या याचा. चार आठवडे नुसती येऊन बसलेल्या बाईला त्या रकान्यात कुठे लिहायचं, हे टेबलावरच्या माणसांना दर मार्चमध्ये नव्याने ठरवावं लागतं.